वाळव्याच्या काळ्या रानात ब्लूबेरी: बारातली नऊ गेली. परड्यात कायमची खायची झाडं कोणती लावू?

मेढ्याची_लेक
३ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार. जरा लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नेमका सल्ला देता येणार नाही.

आमचं रान वाळवा तालुक्यात, नदीपासून दोन किलोमीटरवर. सगळा ऊस. घराला लागून बारा गुंठ्यांचं परडं आहे, ते सासऱ्यांनी माझ्या ताब्यात दिलंय. त्यांची अट एकच: तिथं जे लावशील ते घरात खायला यायला हवं. माझी अट अशी की दर वर्षी नांगरणी-पेरणी नको. एकदा लावलं की दहा-वीस वर्षं झाडानं देत राहावं.

ब्लूबेरी आली ती मुलीमुळे. नऊ वर्षांची आहे. पुण्याला मामाकडे डबीतली ब्लूबेरी खाल्ली आणि घरी येऊन वहीत झाड काढलं, फळं जांभळाएवढी मोठी. गेल्या मृगात एका रोपवाटिकेतून बारा रोपं आणली, ४५० रुपयांना एक. विकणाऱ्यानं सांगितलं, कुठल्याही जमिनीत येतं, फक्त शेणखत भरपूर घाला. मी दोन बाय दोनचे खड्डे घेतले, तळाला शेणखत, वाळवी लागू नये म्हणून दोन मुठी राख, वर आमचीच काळी माती. पाणी बोअरचं, ठिबकनं.

ऑगस्टपर्यंत बरी होती. मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्यागार. त्यानंतर पानांच्या कडा करपल्या. दिवाळीपर्यंत नऊ झाडं गेली. एक उपटून बघितलं तर रोपवाटिकेच्या पिशवीचा आकार मुळांवर जसाच्या तसा होता, अगदी खालच्या दुमडीसकट. पाच महिन्यांत एक मूळसुद्धा काळ्या मातीत शिरलं नव्हतं. आमची माती सुकून त्या गोळ्यापासून अलग झाली होती, मधल्या भेगेत माझं करंगळीचं बोट जात होतं. तो गोळा तळहातावर घेऊन मी बराच वेळ बांधावर बसून होते.

मग माती परीक्षण केलं. सामू (मातीचा पीएच; सातच्या खाली आंबट, वर खारट-चुनखडीकडे) ८.२, मुक्त चुनखडी ९ टक्के.

तीन झाडं अजून हिरवी आहेत. ती कशी वाचवू? आणि बाकीच्या परड्यात काय लावू?

माती_बोलते
४ जानेवारी, सकाळी ७.१५

ताई, तुमच्याकडून कष्टात काही कमी पडलेलं नाही. जे केलंत ते आंब्याला, शेवग्याला, लिंबाला चाललं असतं. ब्लूबेरीला मात्र त्यातलं प्रत्येक पाऊल उलटं पडलं.

तिला ४.५ ते ५.५ सामू लागतो. तुमचा ८.२. सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक, म्हणजे ८.२ आणि ५ यांत दीड हजार पटींहून जास्त अंतर आहे. मातीत लोह भरपूर असतं, पण या सामूला ते विरघळत नाही, म्हणून कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या. राखेनं सामू आणखी वर नेला. शेणखतातले क्षार तिला सोसत नाहीत. बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट रोज थोडा थोडा चुना घालत राहिलं.

मुळांचंही सांगतो. ब्लूबेरीच्या मुळांना केशमुळं नसतात. दोऱ्याहून बारीक मुळं, ती एका बुरशीच्या सोबतीनं अन्न घेतात आणि वरच्या फूटभर भुसभुशीत थरातच पसरतात. आपली चिकण काळी त्यांना भिंतीसारखी वाटते. तुम्ही पाहिलेला पिशवीचा आकार तोच.

आता कुणीतरी सांगेल की गंधक टाका, सामू उतरतो. उतरतो, पण चुनखडी नसलेल्या जमिनीत. तुमचा हिशेब करून देतो. एक एकराचा वरचा अर्धा फूट थर म्हणजे ढोबळ ९०० टन माती. त्याचे ९ टक्के म्हणजे ८१ टन चुना. एक टन चुना विरवायला ३२० किलो गंधक. एकराला झाले २६ टन, तुमच्या बारा गुंठ्यांना पावणेआठ टन. तेही जिवाणू त्या गंधकाचं आम्ल करतील तेव्हा, आणि त्याला महिने लागतात. सगळा चुना संपेपर्यंत सामू फारसा हलणारच नाही.

जमीन बदलायच्या नादाला लागू नका. तीन झाडं आजच उचलून कुंडीत घ्या.

टेबललँड
४ जानेवारी, दुपारी १.३०

मी पाचगणीजवळ स्ट्रॉबेरी करतो, शेडमध्ये साठ पिशव्या ब्लूबेरीच्या आहेत. चौथं वर्ष. माझी पद्धत सांगतो.

पिशवी ४० लिटरची, पांढरी. काळी घेऊ नका, तुमच्याकडच्या एप्रिलमध्ये आतली मुळं भाजतील. भरण सहा भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग भाताचं तूस, दोन भाग परलाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खडे). कोकोपीट तीनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. माती अजिबात नको, शेणखत नको. वर ऊसाचं पाचट चार बोटं, ते तुम्हाला विकत घ्यावं लागणार नाही. खत म्हणून अमोनियम सल्फेट, कारण तिला अमोनियम रूपातलं नत्र मानवतं. एका वेळी चमचाभर पाण्यात विरघळवून, महिन्यातून दोनदा. कॅल्शियम नायट्रेट कुणी दिलं तर घालू नका. मार्च ते मे ५० टक्क्यांची शेडनेट.

झाडं उचलताना मुळाला चिकटलेली काळी माती बादलीत बुडवून हलक्या हातानं धुऊन काढा. पहिली दोन वर्षं फुलं आली की खुडायची. मन धजत नाही, पण झाड बसायचं तर खुडायला लागतात.

जात कोणती आहे? चिठ्ठी होती का?

मेढ्याची_लेक
४ जानेवारी, रात्री १०.०५

चिठ्ठी नव्हती. विचारलं तर "अमेरिकन" एवढंच सांगितलं.

माती_बोलते सर, तुमचा हिशेब मोठ्यानं वाचून दाखवला. सासरे म्हणाले, पावणेआठ टन म्हणजे आपल्या ट्रॉलीच्या दोन खेपा. मग स्वयंपाकघरातलं व्हिनेगर आणून परड्यातल्या ढेकळावर चार थेंब टाकले. सोडा टाकल्यासारखं फसफसलं, आवाजसुद्धा आला. मुलगी घरभर व्हिनेगर घेऊन फिरत होती: अंगणातली माती, कुंडीतली, विहिरीच्या काठची. सगळीकडे फेस.

माझं माहेर मेढ्याचं. तिथली तांबडी माती गेल्या वेळी तुळशीसाठी आणली होती, तिच्यावर टाकलं तर काहीच झालं नाही. थेंब नुसता मुरला.

माती_बोलते
५ जानेवारी, सकाळी ६.५०

हा प्रयोग प्रत्येक परड्यात व्हायला पाहिजे.

मेढ्याची तांबडी आणि वाळव्याची काळी, दोन्हींचं मूळ एकच, सह्याद्रीचा काळा बेसाल्ट. वर घाटमाथ्यावर लाखो वर्षं कोसळणाऱ्या पावसानं त्यातला चुना, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन नेलं; लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, तोच जांभा. खाली तुमच्याकडे पाऊस कमी, धुवायला पाणीच नाही, म्हणून चुना खडे होऊन साठला.

आणि फसवणूक झाली असं वाटत असेल तर एक सांगतो. ज्या देशातून हे झाड आलं तिथंही लोकांनी ते बागेच्या चांगल्या, खतावलेल्या मातीत लावून मारलं होतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्ये दाखवून दिलं की ब्लूबेरीला आंबट मातीच लागते. मग न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांना आपल्या शेतावर बोलावलं, रानात फळं वेचणाऱ्या माणसांकडून चांगली झुडपं शोधून घेतली, आणि १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक विकायला गेलं. त्याआधी हे रानफळ होतं, आपल्या करवंदासारखं.

जतचा_माणूस
५ जानेवारी, रात्री ८.२०

ताई, सर करवंदाचं बोलले म्हणून लिवतो. मी जत तालुक्यातला. आमच्याकडं झाड निवडताना पयला प्रश्न हाच, पाणी नसलं तर जगंल का. ब्लूबेरीचा मला अनुभव न्हाय. पण जांभळ्या रंगाचं, लेकराच्या तोंडात घालायचं फळ पायजे आसंल तर तुमच्या चुनखडीत तीन हायेत.

करवंद बांधाला लावा. कुंपण बी हुतंय, जनावर आत येत न्हाय. तिसऱ्या-चौथ्या साली फळ. तुती लावा, पेन्शिलीएवढी काडी आषाढात खुपसली की फुटती. छाटली की नव्या फुटीला फळ येतं, म्हणून वर्षातनं दोनदा खाता येतं. जांभूळ मातुर कलमाचंच घ्या, कोकण बहाडोली, न्हायतर लेक लगनाला येईल तवा फळ लागंल.

आणि आवळा, बोर, शेवगा. ह्यांला खारी, चुनखडीची जमीन चालती. आटपाडीकडं, आमच्याकडं बोर पाण्यावाचून उभी हायेत. बोराची छाटणी एप्रिलात करा, पाणी तोडलेलं आसताना. आमच्या जिल्ह्यातल्या तडसरचं ड्रॅगन फ्रूट २०२१ ला दुबईला गेलं, ते बी निवडुंगच हाय, खांबावर चढवलं की वीस वर्षं हलत न्हाय.

वाईची_काकू
६ जानेवारी, दुपारी ३.४५

अगं, सगळे फळांचंच सांगताहेत. घरात रोज भाजी लागते ती कुठून आणणार आहेस?

माझं परडं चार गुंठ्यांचं, चाळीस वर्षं मीच बघते. तुला जमिनीखालचं सांगते, कारण ते दिसत नाही म्हणून कुणी लावत नाही. सुरण, कोनफळ, करांदा, अळू. ह्यांना पेरणी नाही. काढताना एक तुकडा तिथंच ठेवायचा, पुढच्या वर्षी तोच उगवतो.

सुरणाचा कंद अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला लावते. डोळा वर, तुकड्याला शेणराख माखून दोन दिवस सावलीत सुकवलेला. तुझ्या चिकण मातीत पाणी साठलं तर कुजेल, म्हणून वरंब्यावर लाव. पानं पिवळी होऊन लोळली की काढायचा. घाई असेल तर थांबायचं, शेंडा हिरवा असताना काढलेला सुरण खाजतो. चिरताना हाताला तेल, शिजवताना चिंच किंवा आमसूल, त्याशिवाय नाही. कोनफळ मी आंब्याच्या बुंध्याशी लावलंय, वेल झाडावर चढतो, मांडव लागत नाही. थंडीत खणून काढलं की आतून जांभळं. तुझ्या लेकीला ते दाखव.

तोंडलीचा एक वेल, कढीपत्ता, हादगा, लिंबू, दोन पपया, मोरीच्या पाण्यावर केळीचं बेट. मायाळू भिंतीवर. केळीच्या सावलीत आंबेहळद, ती लोणच्याला. एवढ्यात आठवड्यातले चार दिवस भाजीवाल्याकडे जावं लागत नाही. अंजीरही लाव, त्याला चुनखडी सोसते.

शेवगा दर वर्षी शेंगा संपल्या की कमरेएवढा ठेवून वरचा सगळा काप. माया करू नकोस. नाही कापलास तर शेंगा गच्चीवरून काढायला लागतील.

कोयनाकाठ
६ जानेवारी, रात्री ११.३०

मला थोडं वेगळं वाटतं. कुंडी, परलाइट, शेडनेट, आंबट पाणी, एवढा खटाटोप चार झुडपांसाठी कशाला? ते काही कायमचं अन्न झालं नाही. तीन झाडं मेढ्याला भावाकडे देऊन टाका, जिथली माती त्यांना मागते तिथं. परड्यात फक्त चुनखडीतलं लावा. आपल्या रानात जे उभं राहतं त्याच्यावरच माया लावावी.

मेढ्याची_लेक
७ जानेवारी, रात्री ९.१५

तुमचं म्हणणं पटतंय आणि तरी मी तीनातली दोन इथंच ठेवणार आहे. मुलगी रोज शाळेतून आल्यावर पानं मोजते, तिला मेढ्याचं झाड वर्षातून दोनदा दिसेल. एक झाड भावाकडे जाईल, आणि त्याला आणखी तीन रोपं जातीची चिठ्ठी बघून आणायला सांगितलंय. बारा गुंठ्यांतलं बाकी सगळं काकूंच्या आणि जतच्या दादांच्या यादीनं.

पाण्याचं काय करू? बोअरच्या पाण्यात लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) टाकलं तर चालेल का? बादलीला चमचाभर टाकून सामू मोजायचा कागद बुडवला तर सामू साडेपाच आला.

माती_बोलते
८ जानेवारी, सकाळी ७.००

आठवडाभर चालेल, सवय करू नका. लिंबूफुलानं पाण्यातलं बायकार्बोनेट त्या वेळेपुरतं मोडतं, पण कुंडीतले सूक्ष्मजीव ते सायट्रेट खातात आणि बायकार्बोनेट परत तयार होतं. चार महिन्यांनी कुंडी जिथल्या तिथं. गंधकाचं आम्ल टिकतं, पण मूल खेळतं त्या घरात ती बाटली नको.

पावसाचं पाणी साठवा. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमच्या गोठ्याचा १० चौरस मीटर पत्रा धरला आणि पाऊस ५०० मिलिमीटर, तर ५,००० लिटर. एका कुंडीला दिवसाला ३ लिटर म्हटलं तरी दोन कुंड्यांना नोव्हेंबर ते मे १,२६० लिटर पुरतात. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या, पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण त्यात येते. टाकी झाकलेली हवी. सिमेंटची नको, सिमेंटमधूनही चुना उतरतो, प्लास्टिकची घ्या.

पाऊस येईपर्यंत बोअरचं पाणी लिंबूफुलासकट, दुसरा इलाज नाही.

टेबललँड
८ जानेवारी, दुपारी २.१०

भावाला सांगा, बिलोक्सी किंवा मिस्टी. ह्या कमी थंडीच्या जाती. उत्तरेकडच्या जातींना ७ अंशांखालचे आठशे-हजार तास थंडी लागते, तेवढी वेण्णा तलावावर दंव गोठतं त्या वर्षीसुद्धा आपल्याकडे मिळणार नाही. बिलोक्सीला पान न गाळता फळ घेता येतं. पेरू देशाच्या किनाऱ्यावर, जिथे थंडी नावालाच असते, तिच्यावर मोठमोठे मळे उभे आहेत.

मेढ्यात जमिनीत लावायचं तर गादीवाफा गुडघ्याएवढा उंच. सामू जमला तरी आमच्या पट्ट्यात पावसानं झाडं मरतात, मुळं बुडाली की चार दिवसांत खेळ संपतो. आणि निदान दोन वेगळ्या जाती जवळ लावा, फळ मोठं होतं. फूल खाली तोंड करून लटकतं, सुरईसारखं, पराग आतल्या नळीच्या टोकाच्या भोकातून पडतो. अंग थरथरवणारी माशी आली की नीट पडतो. आमच्याकडच्या पेट्यांतल्या मधमाश्या येतात, पण मी निळ्या पट्ट्यांच्या छोट्या रानमाशीची वाट बघतो. ती फुलाला लटकली की तिचा आवाजच बदलतो. तिच्यासाठी शेडच्या कडेला तुळस फुलू देतो.

बुलबुलांसाठी जाळी फळ रंगायच्या आधी लावा. नंतर लावून उपयोग नाही.

मेढ्याची_लेक
१९ जुलै, रात्री ८.५०

सहा महिन्यांनी लिहितेय. ज्यांनी वेळ दिला त्यांना कळायला हवं.

तीनातलं एक फेब्रुवारीत गेलं, धुतानाच त्याची मुळं तपकिरी निघाली होती. दुसरं भावाकडे, त्याच्या नव्या तीन रोपांशेजारी, घराच्या वरच्या अंगाला उंच वाफ्यावर. तिसरं इथं पांढऱ्या पिशवीत. मे महिना फार वाईट गेला, दोन आठवडे पानं दुपारी मिटलेली असायची, शेडनेटखाली ओलं गोणपाट टांगलं. गोठ्याच्या पत्र्याला पन्हळ लावलं, दोन हजार लिटरची टाकी पंधरा जूनपर्यंत भरली. त्या पाण्यावर आल्यापासून नवी फूट आली. आधी तांबूस, मग हिरवी, शिरांसकट सगळं पान एकाच रंगाचं.

काल पिशवीची कड उलगडून बघितली. पांढरी, सुतासारखी मुळं कोकोपीटमधून थेट पिशवीच्या भिंतीपर्यंत आलीत आणि भिंतीवर जाळं धरलंय. मुलीनं टॉर्च धरला होता. तिनं बोट लावू का विचारलं, मी नको म्हटलं.

परड्यात तुतीच्या अकरा काड्या फुटल्यात, सुरण पाच ठिकाणी छत्री उघडून उभा आहे, कोनफळाचा वेल आंब्याच्या दुसऱ्या फांदीवर पोचला. आवळे दोन, अंजीर एक, बहाडोलीचं कलम एक. शेवगा माझ्या डोक्यावर गेलाय, काकू, शेंगा संपल्या की नक्की कापते. सासरे रोज सकाळी करवंदाच्या रोपांना स्वतः पाणी घालतात. त्यांच्या लहानपणी रानातून पाटी भरून करवंदं यायची, म्हणे.

कोयनाकाठ
१९ जुलै, रात्री ९.३५

ताई, मुळांचं वाचून बरं वाटलं. जानेवारीत मी जरा कडक लिहिलं होतं, पण कुंडी ठेवलीत ते योग्य केलंत. करवंदाची रोपं बियांपासून केलीत का? मलाही बांधाला शंभर फूट लावायची आहेत. बी पोस्टानं पाठवता येईल?

मेढ्याची_लेक
१९ जुलै, रात्री ९.५०

बियांपासूनच. मेमध्ये माहेरी गेले होते, पिकलेली करवंदं चोळून, बी धुऊन दोन दिवसांत पिशव्यांत टाकलं. वाळलेलं बी उगवत नाही, म्हणून पोस्टाचं काम नाही. माझ्याकडं चाळीस रोपं जास्तीची आहेत, वीतभर झालीत. पाऊस आहे तोवर न्या. येताना पाटी आणा, पिशव्या फुटायला आल्यात.